लिलाव पुकारणारे काका

वाचाउपचाराच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी माझी इंटर्नशिप नाशिकच्या एका रुग्णालयात होती. निघताना कॉलेजातल्या सरांनी सांगितलं होतं, दिसेल तो पेशंट बघून घ्या, अशी संधी पुन्हा मिळत नाही. म्हणून मी सुरुवातीला या खोलीतून त्या खोलीत नुसती धावत होते. तिथल्या विभागप्रमुख मॅडमनी काही दिवस ते पाहिलं आणि मग एक पेशंट माझ्या हवाली केला. "यांना शेवटपर्यंत तूच बघायचं," त्या म्हणाल्या.

हे काका लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचे. ट्रॅक्टरच्या रांगांमधून, व्यापाऱ्यांच्या घोळक्यात, मोठ्या खड्या आवाजात. पॅरालिसिसच्या झटक्यानंतर त्यांचे हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण शब्द गेले. समोर पेला धरला तर पाणी आहे हे कळायचं, पण 'पाणी' म्हणता यायचं नाही. ओठ नुसते हलायचे आणि मग ते मान खाली घालायचे. इंदिरानगरला राहणारी त्यांची मुलगी शाळेची नोकरी सांभाळून त्यांना रिक्षाने घेऊन यायची.

बरेच दिवस काहीच हललं नाही. एकदा मी सहज, आकडे तरी येतात का बघावं म्हणून, "अकराशे" म्हटलं. काकांनी मान वर केली.

"अकराशे पंचवीस. अकराशे पन्नास. अकराशे पंचाहत्तर. बाराशे."

आवाज चढत गेला. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. मुलीनं रडतरडतच भावाला फोन लावला, अण्णा बोलायला लागले म्हणून.

ते बोलणं नव्हतं. वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं असं कधीकधी शाबूत राहतं, बाकीची भाषा जाते. हे तिला मॅडम सांगतील असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, "पेशंट तुझा आहे. तूच सांग, आणि आजच सांग."

जिन्यापाशी उभी राहून मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मला हाक नाही मारणार?"

खात्री देता येत नाही, एवढंच मी म्हणू शकले.

त्यानंतर आम्ही लिलावाच्याच चालीत शब्द म्हणायला लागलो. त्या चालीवर कधी 'चहा' यायचा, कधी 'नको'. मुलीला ते लहानपणापासून 'बाई' म्हणायचे. त्यातला 'बा' यायचा आणि पुढे सगळं अडायचं. ती समोर बसून वाट बघायची.

मग काकांनी खुणा करकरून गावाकडे जायचा हट्ट धरला. मुलगा त्यांना बाजारात घेऊन गेला. तिथे दुसराच कोणी पुकारत होता. काका एका ट्रॉलीला धरून उभे राहिले, जुनी माणसं येऊन भेटून गेली, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. परत आल्यावर माझ्या "अकराशे"लाही त्यांनी उत्तर दिलं नाही. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. थांब, असं ते सांगत होते.

थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला आणि काका गेले.

मी इंदिरानगरला भेटायला गेले. मुलगी म्हणाली, "शेवटी दवाखान्यात माझ्याकडे बघून 'बा, बा' करत होते. मी ती हाकच धरली. चूक नाही ना?"

मी चार वर्षं शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. "नाही," म्हणाले. ते खरं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

इंटर्नशिपचे काही आठवडे उरले होते. मॅडमनी विचारलं, नवा पेशंट देऊ का? मी हो म्हटलं, पण त्या दिवशी नको म्हणाले.  त्यांनी डबा उघडून अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली आणि आम्ही दोघी जेवलो.