मेलेल्या तुरीचा प्रबंध

पहिलं झाड वाळलेलं दिसलं तेव्हा मला आनंद झाला होता. हे मी प्रबंधात लिहिलं नाही, आणि नंतर बरीच वर्षं कुणाला सांगितलंही नाही.

मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि नागपूरला पीएच.डी.साठी नाव नोंदवलं होतं. विषय होता तुरीचा मर रोग. जमिनीत एक बुरशी असते. ती मुळातून झाडात शिरते आणि फुलावर आलेली हिरवीगार तूर आठ-दहा दिवसांत उभ्या जागी वाळून जाते. खोड उभं चिरलं की सालीखाली काळपट रेघ दिसते. ही बुरशी आपल्या काळ्या कोरडवाहू जमिनीत किती काळ टिकते, आणि ज्वारीसोबत तूर पेरली तर रोग कमी होतो का, एवढंच मला पाहायचं होतं. पण त्यासाठी रोग असलेलं वावर हवं होतं, आणि आमच्या घराच्या मालकीची तर हातभरही जमीन नव्हती.

वावर मिळालं बामुळे. राळेगावकडच्या आमच्या गावात बा एका मोठ्या शेतकऱ्याकडे वीस वर्षं सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, होता. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, घरातले देव बाने स्वतः नेऊन नदीत सोडले, मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं. त्यानंतर गावातल्या कित्येकांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्या शेतकऱ्याने मात्र बाला कामावर ठेवलं. मी त्यांना काकाजी म्हणत असे. मी विचारलं तेव्हा त्यांनी फार चौकशी केली नाही.

"वरच्या धुऱ्याजवळचा तुकडा घे," ते म्हणाले. "तिथली तूर तशीही दोन सालापासून मरून राह्यली. शिकून घे, आमाले बी सांग."

नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी पद्धत समजावली. नुसता कुठे कुठे रोग असलेला तुकडा उपयोगाचा नाही, सगळीकडे सारखा रोग हवा. म्हणून मी पहिल्या हंगामात आसपासच्या शिवारातून मेलेल्या तुरीची खोडं गोळा केली, बारीक तोडली आणि त्या तुकड्यात ओळीओळीने पुरली. बा माझ्याबरोबर खड्डे करत होता. काकाजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, बघत होते. खत टाकतो आहे असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांचा तो समज मोडला नाही.

दुसऱ्या वर्षी माझा तुकडा मनासारखा मेला. दर पंधरा दिवसांनी मी एस.टी.ने यायचो, स्टँडपासून चालत वावरात जायचो आणि ओळीतली झाडं मोजायचो. आकडे सुंदर येत होते. नुसत्या तुरीच्या ओळी निम्म्याहून जास्त गेल्या होत्या, ज्वारीसोबतच्या ओळींत नुकसान कमी होतं. मी वही मिटून बाकडे गेलो, तर तो माझ्या तुकड्याच्या खालच्या बाजूला उभा होता, काकाजींच्या वावरात.

"हे पाह्य," तो म्हणाला. "इकडं कधी नवती."

सात ओळींतली झाडं पिवळी पडून मान टाकून उभी होती. मी एक उपटलं, चिरलं. काळी रेघ होती. मग मी उताराकडे नजर टाकली. वावर नाल्याकडे उतरतं होतं. पावसाचं पाणी माझ्या तुकड्यावरून खाली जात होतं. आणि ओळींमधलं तण काढायला डवरणी करताना बा आधी माझा तुकडा डवरून तीच बैलजोडी, तोच डवरा घेऊन खाली उतरत होता. डवऱ्याच्या पासेला, लोखंडी पात्याला, चिकटलेली माती मी त्याच दिवशी खरवडून कागदाच्या पुड्यांत भरली. नागपूरला नेऊन काचेच्या बशीत लावली. पाचव्या दिवशी तिच्यावर कापसासारखी पांढरी, फिकट गुलाबी बुरशी चढली होती.

मी काकाजींना सांगायला निघालो होतो. बाने मला अडवलं.

"गावात काय बोलून राह्यले ते तुले मालूम नाई," तो म्हणाला. "याइचं पाऊल पडलं अन् पीक जळलं, असं म्हणून राह्यले. नाव नाई घेत, पण माह्यासमोर बोलतात. तू म्हणशीन बुरशी. ते म्हणतीन आपण."

"पण बा, ते सांगितलं नाही तर पुढल्या साली आणखी खाली जाईल."

"तुह्यं काम किती राह्यलं?"

"एक हंगाम."

"मंग एक हंगाम चूप राह्य."

बाने मला भीतीने गप्प केलं असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. खरं तर मलाही गप्प राहायचंच होतं. सरांनी तिसऱ्या हंगामाशिवाय प्रबंध स्वीकारणार नाही असं बजावलं होतं, आणि काकाजींनी तुकडा काढून घेतला असता तर माझी दोन वर्षं वाया गेली असती.

तिसऱ्या वर्षी काकाजींनी खालच्या सगळ्या वावरात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींमध्ये तूर पेरली. मी पेरणीच्या दिवशी गेलो नाही. पोळ्याला गेलो तेव्हा सगळं हिरवं होतं आणि काकाजी खुशीत होते. त्यांनी मला घरी नेऊन चहा दिला. कपबशी त्यांच्या घरातलीच होती, बाजूला ठेवलेली नव्हती.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेलो. एस.टी.तून उतरल्यावर स्टँडवर बसलेल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं थांबवलं. वावरात पोचलो तर नाल्यापर्यंत पिवळे पट्टे उतरले होते. काकाजी त्यांच्यामध्ये उभे होते, हातात एक उपटलेलं झाड घेऊन. बा थोडा लांब उभा होता.

"पोरा, हे तुह्या तुकड्यातून आलं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुले कवापासून मालूम होतं?"

"मागच्या सालापासून."

ते बाकडे वळले. "अन् तुले?"

"मीच त्याले नको सांगू म्हनलं," बा म्हणाला.

"काहून?"

"गावात काय बोलून राह्यले ते तुमाले मालूम नाई का, मालक?"

काकाजींनी हातातलं झाड खाली टाकलं. मग धुऱ्यावर बसले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"मालूम हाय," ते म्हणाले. "मी त्याइले गप्प करून राह्यलो होतो. मले सांगितलं असतं तं यंदा तूर पेरलीच नसती, ज्वारी पेरली असती. येवढंच करा लागत होतं." थोडं थांबून त्यांनी माझ्या वहीकडे बोट केलं. "मोज आता. मोजल्याबिगर तुह्यं काम होनार नाई."

मी मोजली. ते तिथेच बसून राहिले. मी एकेका ओळीतून खाली सरकत होतो आणि आकडे लिहीत होतो. इतके चांगले आकडे मला तिन्ही वर्षांत मिळाले नव्हते.

पाडव्याला सालदाराचं नवं साल ठरतं. त्या पाडव्याला काकाजींनी बाला बोलावलं नाही. बा दोन दिवस घरात वाट बघत बसला. तिसऱ्या दिवशी माय आणि तो बोचकी घेऊन यवतमाळला माझ्या भाड्याच्या खोलीवर आले.

प्रबंधात मी एक प्रकरण जास्तीचं लिहिलं: रोग प्रयोगाच्या तुकड्यातून बाहेर कसा गेला. सरांनी ते वाचून पेन खाली ठेवलं.

"हे काढून टाका. परीक्षक विचारतील, रोग तुम्ही पसरवलात का?"

"पसरवला, सर."

"मग सिद्ध करा. डवऱ्याच्या मातीत बुरशी सापडली म्हणून तिनेच झाडं मारली असं होत नाही. पुरावा नसेल तर लिहू नका. पुरावा आणायला आणखी एक वर्ष जाईल, तेही सांगून ठेवतो."

पुन्हा कुणाच्या वावरात जायची माझी हिंमत नव्हती. मी खोलीसमोरच्या अंगणात दोन ओळींत बारा कुंड्या मांडल्या. माती रॉकेलच्या डब्यात उकळत्या पाण्याच्या वाफेवर तापवून स्वच्छ करून घेतली. सहा कुंड्यांत डवऱ्यावरची ती जुनी माती चिमूटभर मिसळली, सहा तशाच ठेवल्या आणि बाराही कुंड्यांत तूर पेरली. माय रोज पाणी घालायची. तिला कशात काय आहे ते मी सांगितलं नव्हतं.

फुलं यायच्या सुमाराला एका ओळीतल्या तुरी वाळायला लागल्या. शेजारच्या बाई येऊन बघून गेल्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आपली तुळस उचलून मागच्या दारी नेली.

"सगळ्याइले सारखंच पानी टाकून राह्यली मी," माय म्हणाली. "मंग ह्या कायले मरून राह्यल्या?"

मी तिला खोड चिरून दाखवलं. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि लगेच हात धुतला. सहापैकी पाच मेल्या. स्वच्छ कुंड्यांतली एकही मेली नाही. बा त्या दिवसांत अंगणात बसत नसे.

प्रबंध दिल्यावर सात महिने काहीच कळलं नाही. पोस्टमन गल्लीत आला की माय दारात उभी राहायची. दोन परीक्षकांपैकी एकाचा अहवाल आला, दुसऱ्याचा येत नव्हता. सर म्हणाले, त्यांना ते जास्तीचं प्रकरण खटकलं असेल. मी कॉलेजात विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शक लावून द्यायचो आणि सगळं रद्द झालं तर बाला काय सांगायचं याचा विचार करत राहायचो.

शेवटी तोंडी परीक्षेचं पत्र आलं. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी सरळ तेच प्रकरण उघडलं.

"शेताच्या मालकाला हे केव्हा सांगितलंत?"

"पीक मेल्यावर."

"आधी माहीत होतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला. सर खिडकीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. पण पुढचे प्रश्न बुरशीवर आले, कुंड्यांवर आले, ज्वारीवर आले. तासाभराने त्यांनी माझं अभिनंदन केलं. जाताना एवढंच म्हणाले, "त्यांना जाऊन समजावून सांगा. हे पुस्तक इंग्रजीत आहे."

पदवीदानाला बा आणि माय नागपूरला आले. झगा भाड्याचा होता, खांद्यावर सैल बसत होता. माय रडली. बाने पदवीची गुंडाळी उलगडून पाहिली, आपलं आडनाव बोटाने शोधलं आणि पुन्हा नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

त्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मी प्रबंधाचं सार मराठीत दोन पानांत लिहिलं आणि एकटाच गावी गेलो. काकाजींनी तीन वर्षं तूर पेरली नव्हती. त्यांनी पानं वाचली आणि म्हणाले, "मले देऊन काय होते? चावडीवर वाच."

चावडीवर पंधरा-वीस माणसं जमली. मी वाचलं. खोडं मी पुरली हेही वाचलं. मेलेली खोडं वावरात ठेवू नका, जाळा. तुरीसोबत ज्वारी घ्या. रोग्या तुकड्यातला डवरा, वखर धुतल्याशिवाय दुसरीकडे नेऊ नका.

मागून एक जण म्हणाला, "म्हंजे आणला तुमीच."

"रोग होता," मी म्हणालो. "वाढवला मी. बाचा त्याच्यात काही दोष नाही, अन् आमच्या वस्तीचाही नाही."

काकाजी उठले तसे बाकीचेही उठले. एस.टी.पर्यंत काकाजी माझ्याबरोबर आले, पण बाची चौकशी त्यांनी केली नाही. बा पुन्हा कधी त्या गावी गेला नाही.

लोकांनी माझं ऐकलं होतं, हे मला पुढच्या वर्षी कळलं. डवरणी झाली की लोक अवजारं धुवत होते. जवळ पाणी नाल्याचंच, म्हणून नाल्यातच धुवत होते. त्याच्या पुढच्या साली नाल्याच्या खालच्या अंगाच्या गावातून एक शेतकरी माझा पत्ता शोधत कॉलेजात आला. त्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तुरीचं झाड होतं. मी ते टेबलावर ठेवून चिरलं. काळी रेघ होती. हे नाल्यामुळेच झालं असं मी सिद्ध केलेलं नाही. मी त्याला खुर्ची दिली, त्याच्या गावाचं नाव लिहून घेतलं आणि त्याचं वावर नाल्यापासून किती लांब आहे ते विचारलं.