आंबा बांधाच्या पलीकडे

कलेच्या स्पर्शाने भूमी अमर होते, असं आकुर्डीतल्या निसर्गचित्रांच्या प्रदर्शनात दीपप्रज्वलन झाल्यावर प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. अमर झालेल्या भूमीच्या पन्नास छापील प्रती काढल्या होत्या. प्रत्येकीवर खाली पेन्सिलीने क्रमांक आणि चित्रकाराची सही. टाळ्या संपल्यावर मी भिंतीजवळ गेलो आणि आमच्याच रानासमोर उभा राहिलो.

चाकणजवळचं ते रान औद्योगिक वसाहतीत गेलं. आता तिथे मोटारींच्या सीटा शिवतात. आमच्याकडे रानाचा एकही फोटो नाही. शेताचा फोटो कोणी काढत नाही; ट्रॅक्टरचा काढतात, त्याला हार घालून. आई माझ्याकडे संत तुकाराम नगरला राहायला आली तेव्हापासून तिने रानाचं नाव काढलेलं नाही. फक्त बाजारात कैऱ्या आल्या की एखादी उचलते, नाकाशी धरते आणि परत ठेवते. भाजीवाला आता तिला ओळखतो.

चित्रात मधोमध डोंगराकडे गेलेला बांध होता. उजवीकडे आमचं रान, डावीकडे चुलत्यांचं. मी प्रत घेतली आणि छातीशी धरून घरी आणली.

आईने पदराने चष्मा पुसला. बांधावर बोट ठेवून ती हळूहळू डोंगरापर्यंत गेली.

"व्हय, हेच हाय. हितं बसून तुला भाकर भरवली मी." मग बोट थांबलं. "आंबा पल्याड कसा गेला?"

आंबा डावीकडे होता. त्या झाडावरून आमच्यात आणि चुलत्यांच्यात वर्षानुवर्षं दावा चालला होता. रान गेलं, झाड तोडलं गेलं आणि दावा निकालाविनाच संपला. चित्रकाराने तो एका बैठकीत निकाली काढला होता.

"त्याला फोन लाव," आई म्हणाली. "म्हनावं, झाड अल्याड घे."

मी लावला. चित्रकार सज्जन होता. "डावी बाजू फार रिकामी पडत होती हो," तो म्हणाला, "तोल साधायला झाड सरकवलं."

"दुसरी प्रत काढून द्याल का, झाड जागेवर ठेवून?"

"आवृत्ती बंद झाली, साहेब. पन्नासच्या वर छापणार नाही, असा शब्द दिलाय लोकांना."

चित्र बरं दिसावं म्हणून असं करतात, हे मी आईला समजावलं.

"बरं दिसतंय की," ती म्हणाली. "पन आपलं न्हाई."

तरी मी ते तिच्या खोलीत लावलं. अडचण माझीच झाली. झाड नेमकं कुठे होतं हे मला तिच्याइतकं पक्कं आठवत नाही. डोळे मिटले की सावलीत बसलेली तरुण आई दिसते, भाकरीचं फडकं दिसतं, आणि झाड चित्रकाराने ठेवलं तिथेच दिसतं. एकदा मुद्दाम वाट वाकडी करून तिकडे गेलो. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला जायचंय?" मी परत फिरलो.

मग एका दुपारी पाहिलं, तर आई चित्राकडे पाठ करून पलंगावर बसलेली. रुसली असेल, असं वाटलं.

"काढून ठेवू का ते?"

"ऱ्हाऊ दे. हितं बस, माझ्याजवळ. आता बघ म्होरं."

समोर कपाटाचा आरसा होता. आरशात आमच्या दोघांच्या डोक्यांवर ते रान दिसत होतं आणि आंबा बांधाच्या उजवीकडे आला होता, आमच्या अंगाला. बराच वेळ आम्ही झाडाखाली बसलो.

आता ती रोज जेवण झालं की तिथेच बसते. आरशात डोंगर उलटा दिसतो, पण डोंगर वनखात्याचा आहे.