चार टोंगन सैनिक आणि माझा मिक्सर

हसायचं नाही, या अटीवर सांगतो. तुम्ही अट मोडणार, हेही मला माहीत आहे!

मी दुबईत, अल क्वोज भागातल्या एका साउंड कंपनीत. माइक लावायचे, मिक्सरवर बसायचं. आधीच्या दोन कार्यक्रमांत माझे स्पीकर किंचाळले होते, म्हणून मालक रफीकभाईंनी गाडीतच दम भरला, “आज कुछ गडबड हुई ना, तो तेरा व्हिसा खलास!”

गावी घराचा स्लॅब अर्ध्यावर. व्हिसा गेला तर तो पुरा कोण करणार हो!

अबुधाबीजवळच्या लष्करी तळावर परदेशी तुकड्यांचा निरोपसमारंभ होता. गाणार कोण? टोंगाचे सैनिक! टोंगा म्हणजे पार पॅसिफिकमधली बेटं. चार जण, एकेक असा की दारातून आत यायला आडवं व्हावं लागेल. चौघांना चार माइक दिले.

गाणं सुरू झालं. हेडफोनवर एकेक माइक तपासतो, तर काय? प्रत्येकाची चाल वेगळी!

आता मी वाढलो कोकणातल्या भजनी मंडळात. बुवांनी सूर लावला की सगळ्यांनी तोच धरायचा. वेगळा लावलात तर बुवा चालू भजनात डोळे वटारतात. मला वाटलं, टोकाचा तो जाड्या घाबरून भरकटलाय बिचारा. त्याची लाज राखावी म्हणून हळूच त्याचा माइक बंद केला.

तर शेजारचाही भरकटलेला! तोही बंद केला. मग तिसरा.

स्पीकरमधून उरला एकच बारीक आवाज, आणि सगळ्या माना वळल्या माझ्याकडे! रफीकभाई धावत आले.

“अरे, क्या कर रहा है?”

“भाई, बाकी तीनों बेसुरे हैं!”

“यल्ला, जल्दी, कुछ तो कर!”

घाबरून मी जे हाताला लागलं ते दाबलं. ते होतं मेन स्विच.

आता कसला व्हिसा आणि कसला स्लॅब! पण ते चौघे थांबलेच नाहीत. माइक सोडून दोन पावलं पुढे आले आणि छाती भरून गायले. अहो, त्या चार चाली मिळून एकच गाणं होतं! अंगावर काटा आला. मी चक्क रडलो, अर्धा गाण्याने आणि अर्धा भीतीने.

कार्यक्रम संपला आणि तळाचे मोठे साहेब थेट आमच्याकडे आले. मी मनातल्या मनात बॅग भरली. त्यांनी रफीकभाईंचा हात धरला, “हबीबी, इतका सुंदर साउंड इथे कधीच झाला नव्हता!”

रफीकभाईंनी गाडीत हळूच विचारलं, “सेटिंग क्या रखी थी?”

“बंद.”

नोकरी वाचली. पुढच्या महिन्यात त्याच तळावरून पुन्हा बोलावणं आलं. मी ऐटीत इस्त्रीचा शर्ट घालून तयार!

“तू रूम पे ही बैठ,” रफीकभाई म्हणाले. “साहब को वही सेटिंग चाहिए.”