अक्काची उरलेली किडनी

दाजींचा फोन आला तेव्हा मी बिलोलीच्या शाळेत पाचवीचा तास घेत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. "अक्काला लातूरला घेऊन चाललो. कालपासून लघवीच न्हाई तिला," एवढंच बोलले. त्याला आता दीड महिना झाला. अक्का घरी परतली नाही...

नऊ वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा अक्काने तिची एक मला दिली. "एकीवर माणूस आरामात जगतंय," असं म्हणून तिने सगळ्यांची तोंडं बंद केली आणि तीन महिन्यांत चाकूरच्या अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायला पुन्हा उभी राहिली. दर वर्षी तपासणी दोघांनाही सांगितली होती. माझी एकही चुकली नाही. तिची झाली का, हे मी कधी विचारलं नाही. फोनवर तीच विचारायची, "गोळ्या येळेवर घेतो न्हवं?" मी हाव म्हणायचो.

दाजींच्या फोनच्या दोन दिवस आधी ती म्हणाली होती, "उजवी कूस लई दुखून राहिली रे." मी म्हणालो, "वाकून काम करतेस म्हणून. मेडिकलमधून दुखण्याची गोळी घे." ती गोळी मला स्वतःला वर्ज्य आहे, ती किडनीला मारते हेही पाठ आहे... तरी म्हणालो. तिची उरलेली किडनी उजवीकडचीच, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

खड्याने लघवीची वाट बंद झाली होती. दुसरी किडनी असती तर तिने काम रेटलं असतं. डॉक्टरांनी पाठीतून थेट किडनीत नळी घातली, तुंबलेली लघवी पिशवीत उतरली, पण ती पुवाने गढूळ होती. मी पोचलो तेव्हा अक्का शुद्धीत होती. मी हात धरला. "अक्का, माझ्यामुळं..."

"गप. आधी तोंडाला मास्क लाव. दवाखान्यात असं फिरतेत का?"

तिचं माझ्याशी हेच शेवटचं बोलणं. जंतू रक्तात भिनले होते. तिसऱ्या दिवशी ती गेली. "दोन दिवस आधी आणायला हवं होतं," डॉक्टर दाजींना म्हणाले. दाजींनी मान खाली घातली. ती मी घालायला हवी होती.

मागच्या रविवारी दाजींनी तिच्या कपाटातली एक फाईल माझ्या हाती दिली. मी मोबाईलवर पाठवलेले माझे सगळे रिपोर्ट तिने छापून, वर्षावार लावून ठेवले होते. किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या क्रिएटिनिनच्या प्रत्येक आकड्याखाली निळ्या पेनाची रेघ होती. तिचा स्वतःचा कागद एकच, ऑपरेशननंतर घरी सोडतानाचा.

काल माझा नवा रिपोर्ट आला. चांगला आहे. तो मी त्याच फाईलमध्ये लावला. रेघ मात्र ओढवली नाही.