एका नंबरावर दोघं

कामाग्वे गावातल्या औषधाच्या दुकानापुढची रांग इडाल्मिसने एक साइट बनवून मोबाइलवर आणली, तेव्हा गावाने तिला डोक्यावर घेतलं. घरबसल्या नंबर लावायचा, बोलावणं आलं की जायचं. उन्हात ताटकळणं नको, धक्काबुक्की नको. औषधं मात्र पूर्वीसारखीच, नावापुरती येत. साइटमधून काही गोळ्या पडत नाहीत!

इडाल्मिसला एकच धास्ती होती, साइट बंद पडण्याची. ती जराशी जरी बंद पडली, तरी औषध संपल्याची आवई उठायची आणि लोक दुकानावर तुटून पडायचे. मग ज्याच्या अंगात रग, त्याला औषध. तिच्या सेनाइदा मावशीच्या अंगात कुठली आलीय रग? मावशीला फिट्स येत. गोळ्या चुकल्या, की उभी असेल तिथे ती कोसळे. आईमागे इडाल्मिसला तिनेच वाढवलं होतं.

म्हणून साइटची नवी आवृत्ती चढवताना इडाल्मिस जुनी आधी बंद करत नसे. नवी शेजारच्या यंत्रावर उभी करायची, तपासायची, मग लोकांना हळूहळू तिकडे वळवायचं. सगळे गेले, की जुनीला सुट्टी. कुणाला पत्ताही लागत नसे. वेळही ती हेरून निवडायची, अर्ध्या गावाची वीज गेलेली असताना. अंधारात बसलेला माणूस नंबर कशाने लावणार?

त्या रविवारी दुपारी मात्र लोकांना नवीकडे वळवणं अर्ध्यावर असतानाच वीज आली, वेळेआधी. अशी अवदसा कधी नव्हे ती आठवली वीजवाल्यांना! गल्लीत टाळ्या पडल्या, भात शिजायला लागले आणि जो तो नंबर लावायला धावला. जुनी साइट चालू, नवीही चालू, आणि एकीने कोणते नंबर दिले ते दुसरीला ठाऊक नाही. तेच नंबर दोन-दोनदा गेले. दोन्ही बंद करून सगळं पहिल्यापासून लावता आलं असतं. पण बंद करायला तिचा हात धजेना. तिने चालत्या साइटवरच जमेल तेवढं निस्तरलं. एक नंबर तिच्या नजरेतून सुटला.

तो नंबर मावशीचा होता, हे दुकानात कळलं. औषधवाल्या मिग्दालियाकडे फिट्सच्या गोळ्यांचं एकच पाकीट उरलेलं, आणि काउंटरपुढे मावशीच्या शेजारी बसड्रायव्हर रिगोबेर्तो.

"नीट बघा, आजी. हा नंबर माझा आहे. माझ्या बायकोलाही याच गोळ्या लागतात."

"माझाही तोच आहे, बाळा. आता काय पुसून टाकू?"

मागून एक म्हातारा खवळला, "पूर्वी आल्याबरोबर 'शेवटचं कोण?' असं विचारायचो. आपल्या पुढे कोण, ते पक्कं ठाऊक असायचं. आता बसा मोबाइल चाटत!"

मिग्दालियाने इडाल्मिसला बोलावून घेतलं. "तूच सांग बाई, आधी कोण?"

इडाल्मिसने दोन्ही यंत्रांतल्या वेळा पाहिल्या. त्यांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. आधी कोण, हे कधीच कळणार नव्हतं.

"ती काय सांगणार?" रिगोबेर्तो हसला. "मावशी तिची, साइटही तिची. घरचंच लग्न!"

सगळे तिच्याकडे पाहू लागले.

"यांना द्या," ती रिगोबेर्तोकडे बोट दाखवून म्हणाली.

न्याय म्हणून नाही, दया म्हणूनही नाही. लोक काय म्हणतील, एवढ्याच भीतीने ती बोलली, आणि हे तिला त्याच क्षणी कळलं.

वाटेत मावशीने तिचा हात धरला. "बरं केलंस, पोरी. नाहीतर जन्मभर टोमणे खाल्ले असतेस." त्यापेक्षा मावशीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात मावशी जिन्यात कोसळली, ती पुन्हा उठली नाही.

मातीहून परतल्यावर शेजारची ओब्दुलिया कॉफी घेऊन आली. इडाल्मिस रडत नव्हती. पुढच्या औषधाच्या रांगेत मावशीचं नाव तसंच होतं, आणि ते काढणारं तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तिने ते काढलं. साइट न थांबता चालत राहिली.

ओब्दुलियाचा मोबाइल वाजला.

"अगं बाई, माझा नंबर पुढे सरकला!" ती हरखून म्हणाली, आणि तिने जीभ चावली.