खंडेनवमीचं रिव्हॉल्व्हर

परदेशात, प्लेनोला स्थायिक झालेल्या संग्राम मोहित्यांनी नोकरीभर पुलांची डिझाइनं केली. हातात बंदूक धरली ती निवृत्त झाल्यावर. शेजारच्या वॉल्टरने तो नाद लावला. बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी जुन्या धर्तीची रिव्हॉल्व्हरं म्हणजे वॉल्टरचा जीव की प्राण. त्यातलं एक तर त्याने स्वतः सुटे भाग घासून, जुळवून बनवलेलं. कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. या शनिवारी मात्र त्याने ते संग्रामरावांकडे दिलं.

"चालव, आणि साफही तूच कर. उद्या जेवायला येईन तेव्हा नळीत डोकावून बघणार आहे."

नेमबाजीच्या रेंजवरून संग्रामराव छाती फुगवूनच घरी आले आणि आधी अंघोळीला गेले. बाहेर येऊन बघतात तर सुलेखाबाईंनी खंडेनवमीची पूजा उरकलेली. पाटावर ड्रिल, कात्री, गाडीची किल्ली आणि मधोमध रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू लावून वर झेंडूचं फूल.

"अगं, हे कशाला मांडलंस?"

"म्हणजे? घरात पहिल्यांदा खरं शस्त्र आलंय आणि मी स्क्रूड्रायव्हर पुजू?"

"साफ करायचंय ते."

"उद्या करा. पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा नाही. तुमच्याच आईंचा नियम आहे."

"त्या दारूची काजळी ओल धरते गं. सकाळपर्यंत नळी गंजेल. वॉल्टरला काय तोंड दाखवू?"

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. आईचा नियम मोडवेना, पाटावरची नजर हटेना. सुलेखाबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"पाण्यानेच धुता ना?"

"कडकडीत. साबण घालून."

"मग उठा. देवांना आपण पूजेतच अंघोळ घालतो. याची राहिली होती, एवढंच. नमस्कार करा आधी."

गॅरेजमध्ये जुना टब निघाला. गोळ्यांची सगळी घरं रिकामी असल्याची खात्री करून संग्रामरावांनी नळी धरून ठेवणारी पाचर ठोकून काढली, तशी नळी सुटली. मागोमाग सिलिंडर निघाला. त्याच्या पाठीवरच्या, ठिणगीची टोपी बसवायच्या बारीक निपल त्यांनी पान्याने फिरवून काढल्या, लाकडी मूठ बाजूला ठेवली. सुलेखाबाईंनी किटली ओतली. पाणी शाईसारखं काळं झालं. नळीतून ब्रश फिरला, मग चिंधी.

"पांढरी आली," संग्रामराव म्हणाले.

"कुठे? कडा बघा. आणखी एकदा."

हेअर ड्रायरने सगळे भाग वाळले. गंज चढू नये म्हणून वॉल्टर डुकराची चरबी चोळायचा. इथे खोबरेल लागलं. रिव्हॉल्व्हर जुळवून पुन्हा पाटावर ठेवलं, ताजं फूल वाहिलं.

दसऱ्याला वॉल्टर आला तो थेट रिव्हॉल्व्हरकडेच. नळी सोडवून खिडकीकडे धरली, बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिला.

"संग्राम, मी दिलं तेव्हा हे इतकं स्वच्छ नव्हतं."

मुठीवर कुंकवाचा डाग तेवढा राहिला होता. सुलेखाबाई पुसायला पुढे झाल्या, तर त्याने हात मागे घेतला.

"राहू दे. पुढच्या वर्षी माझी बाकीचीही आणतो."

सगळे जेवायला बसले. संग्रामराव पानातलं श्रीखंड ढवळत राहिले. सुलेखाबाईंनी मात्र जेवणं व्हायची वाट न बघता कोल्हापूरला जावेला फोन लावला.