धूर कुठे जातो

भानुदास रामटेके आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा ताट वाढलेलं सोडून भिंतीतल्या प्लगसमोर उकिडवे बसले. हातात पेटलेली उदबत्ती. "वहिनी, बघा, धूर वाकतोय. इथून गार हवा येते." मला राग आला. सकाळपासून पुरणपोळ्या लाटून कंबर मोडली होती, ती काय धूर बघायला?

भानुदासभाऊ नागपूरचे. १९८२ साली अमेरिकेत जर्सी सिटीत नव्या इमारतींचं हीटिंग ठरवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. रोज सकाळी घरी बुद्धवंदनेला उदबत्ती लावायचे. एका हिवाळ्यात त्यांना दिसलं की धूर वर न जाता बाजूला पळतोय. दुसऱ्या कुणी डोळे मिटून घेतले असते. यांनी वंदना पूर्ण केली आणि उदबत्ती घेऊन घरभर फिरले. प्लग, पाइपांची भोकं, खिडक्यांच्या चौकटी. गार हवा घरात कुठून शिरते, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागेना.

त्यातून त्यांनी हिशेब मांडला. इमारत बांधतानाच फटी बुजवल्या तर निम्म्या ताकदीचा हीटर पुरेल. "मोठा हीटर लावला की कुठल्या तरी वीजघरात कोळसा जास्त जळतो," ते म्हणायचे. "आपण इथे फटी गरम करायच्या आणि तिकडे चिमणीनं धूर ओकायचा. कशासाठी?"

त्यांचे साहेब नोवाक यांनी एक अट घातली. नदीकाठच्या नव्या इमारतीतल्या एका फ्लॅटमध्ये खरं कुटुंब दिवसभर राहू दे. संध्याकाळी पाचला घरात अडुसष्ट डिग्री फॅरनहाइट, म्हणजे आपले वीस असतील, तर सगळ्या एकशे ऐंशी फ्लॅटना छोटे हीटर. नाहीतर मोठे, आणि भाऊंनी दुसरी नोकरी शोधावी. त्यांचं ग्रीन कार्ड त्याच नोकरीवर अडकलं होतं.

मग भाऊ आमच्याकडे आले. थंडीबद्दल बोलले, माझ्या नवऱ्याच्या, अतुलच्या ऑफिसबद्दल बोलले, चहा दोनदा झाला. नोवाकची अट अतुलकडून मला आधीच कळली होती; शेवटी मीच म्हटलं, "भाऊ, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? राहतो आम्ही एक दिवस."

जानेवारीतला रविवार होता. बाहेर नदीवरून बोचरा वारा, आत चौथ्या मजल्यावर मी साडीवर शाल न घेता वावरत होते. तीनला काटा अडुसष्टवर होता. पाचला भाऊ आणि नोवाक आले, तेव्हा बासष्ट.

भाऊंचा चेहरा उतरला. उदबत्ती पेटवून ते प्लगपाशी गेले, खिडकीपाशी गेले. धूर सरळ वर. "कॅलक्युलेशन चेक केलं होतं मी," ते स्वतःशीच पुटपुटले. नोवाक घड्याळ बघत होते. मग भाऊ बेडरूमच्या बंद दाराशी वाकले आणि दाराखालून आलेल्या वाऱ्यानं धूर मागे लोटला.

मला एकदम आठवलं. चारच्या सुमारास मी भरल्या वांग्यांना फोडणी दिली होती. मिरची जळली, ठसका लागला. शेगडीवरचा पंखा धूर गाळून परत घरातच सोडणारा. म्हणून मी बेडरूमची खिडकी उघडली, धूर निवळल्यावर आत ठेवलेल्या कोटांना वास लागू नये म्हणून दार लोटलं, आणि विसरले. अमेरिकेत आल्यापासून प्रत्येक फोडणीला मी हेच करत आले होते. आत जाऊन खिडकी गुपचूप लावावी असं क्षणभर मनात आलं. मग लाज वाटली.

"भाऊ, खिडकी मी उघडलीय. फोडणीसाठी," मी म्हटलं आणि नोवाकना इंग्रजीतून तेच सांगितलं.

खिडकी लावली. सहा वाजता काटा पुन्हा अडुसष्टवर. नोवाक हसले, छोट्या हीटरच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन पुढे केलं. मी सुटकेचा श्वास टाकला.

भाऊंनी पेन घेतलं नाही. आधी प्रत्येक स्वयंपाकघरातून धूर बाहेर नेणारा पंखा हवा, तरच सही, असं ते शांतपणे म्हणाले. नोवाकचा चेहरा लाल झाला. एकशे ऐंशी पंखे, धूर बाहेर नेणारे एकशे ऐंशी पाइप! मी मनात म्हटलं, आता हा माणूस हातातलं घालवणार. अर्धा तास वाद झाला. शेवटी नोवाकनी कुरकुरत इमारतीच्या नकाशात पंखा आखून घेतला, आणि मगच भाऊंनी सही केली.

परतताना गाडीत मी त्यांना झापलंच. "जिंकला होतात की! कशाला ताणलंत एवढं?"

भाऊंनी काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "आमची नागपूरला एकच खोली होती, वहिनी. चूल पेटवली की आई धूर जायला काठीनं छपराचं एक कौल सरकवायची. मला थंडी वाजायची, म्हणून मी चढून ते परत बसवायचो. ती काही बोलायची नाही, नुसती खोकायची." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही बोललात, ते बरं केलंत."